काचेबाहेरची घोंगडी

न्हावऱ्याच्या जुन्या शाळेत गावाचं संग्रहालय उघडणार होतं, आणि स्वप्नालीचा जीव टांगणीला लागला होता. प्रत्येक घरातली वस्तू ठेवायची, असं संग्रहालय उभारणाऱ्या सुलक्षणाबाईंनी ठरवलेलं. गावातले बडे जमीनदार बापूसाहेब, त्यांच्याकडून तलवार आली. स्वप्नालीने आजीच्या, बानूबाईच्या, मागे लागून आजोबांची घोंगडी आणली. मेंढपाळांना तिच्यावर बसवून आजोबांनी त्यांचे किती तंटे मिटवले होते!

"तिला पायताण लागता कामा न्हाई," आजीने बजावलं होतं.

"काचेत ठेवणार हाईत गं," नातीने छातीठोकपणे सांगितलं.

आणि आज बघावं तर घोंगडी थेट दारात! सजावटवाल्या पोरांना वाटलं, पाहुण्यांसाठीच अंथरायची. स्वप्नाली उचलायला धावली, तोवर बापूसाहेब गाडीतून उतरलेसुद्धा. पायात करकरते बूट. मागोमाग पदर सावरत आजीही चालत आली.

गेल्या साली याच बापूसाहेबांनी मेंढरांच्या जायच्या वाटेवर नांगर घातला होता. ग्रामसभेत आजी बोलायला उभी राहिली, तर कुणी माईकसुद्धा दिला नाही. आता त्यांना दारातच अडवायचं? स्वप्नाली घोंगडीपाशीच थबकली. स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

आजीने मात्र लगबगीने पुढे होऊन चपला काढल्या आणि घोंगडीच्या मधोमध मांडी ठोकली.

"बापूसाहेब, बूट काढा."

"बानूबाई, मी फीत कापायला आलोय."

"कापा की. पर आधी बसा. हिच्यावर दोघं बसली की तंटा मिटल्याबगर उठायचं न्हाई, ही आमची रीत. आन् मेंढरांच्या वाटेचा आपला तंटा हायच की."

कात्रीचं ताट सुलक्षणाबाईंच्या हातातच राहिलं. आता हा माणूस कडाडणार, असं स्वप्नालीला वाटलं. बापूसाहेबांनी भोवती पाहिलं. सारा गाव जमलेला, निम्म्यांच्या हातात मोबाईल. त्यांचं तोंड लाल झालं. मग ते वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. नाडीची गाठ काही केल्या सुटेना, आणि मदतीला कुणी पुढे होईना.

शेवटी बूट निघाले. घोंगडीच्या पार कडेला, अर्धे जमिनीवर, बापूसाहेब कसेबसे टेकले.

"तितं कुठं बसताय?" आजी म्हणाली. "मधी या. लई जागा हाय."