टाचणीला राहिलेला दाखला

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत आणि फटींमध्ये बिस्किटांचा चुरा साठला आहे. पण म्हणून मला टाकाऊ म्हणाल तर बघा हं!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या दुकानात. तिथल्या मावशींनी तीस वर्षं टाइपरायटर बडवला होता. त्याच जोराने त्या मला बडवू लागल्या. सुरुवातीला जीव मेटाकुटीला यायचा. पुढे सवय झाली, आणि खरं सांगतो, आवडायलाही लागलं.

मावशींचे दोन नेम होते. पत्र मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही. आणि त्याची एक छापील प्रत काढून, सोबतचे कागद टाचणीने लावून फायलीत ठेवायची.

एका दुपारी शिंपीकाकांची मुलगी धापा टाकत आली. तिला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण आई दवाखान्यात असल्यामुळे हजर व्हायची तारीख हुकली होती.

"मावशी, जागा गेली तर सगळं संपलं हो," म्हणून ती रडायलाच लागली.

"आधी डोळे पूस. रडत रडत ईमेल लिहायचा नसतो."

"कृपा करा, पाया पडते, असं लिहा ना!"

"काही नको. काय घडलं, काय हवं आणि पुरावा काय, एवढंच लिहायचं. ती माणसं कामात असतात गं."

मग विषयाच्या जागी अर्जाचा क्रमांक, 'माननीय प्राचार्य' आणि मोजक्या चार ओळी. इतका नेटका मजकूर मी पूर्वी कधी लिहिला नव्हता. मावशींनी तो वाचून दाखवला आणि पाठवला.

तासाभरात उत्तर आलं. दवाखान्याचा दाखला मिळालेला नाही, पाचपर्यंत न आल्यास जागा दुसऱ्याला दिली जाईल.

"अगं बाई, काय करून बसले मी!" मावशींनी कपाळावर हात मारला. मुलीने आणलेला दाखला ईमेलला जोडायचा राहिला होता; तो त्यांनी सवयीप्रमाणे छापील प्रतीला टाचून फायलीत ठेवला होता! घाईत टाचणी बोटात घुसली, पण पाचला दहा कमी असताना दाखला कॉलेजात पोचला. जागा वाचली. त्या दिवशी मावशींनी मला स्वच्छ फडक्याने पुसलं.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले. दुकान ओस पडलं, माझ्यावर धूळ बसली. फार एकटं वाटायचं हो.

गेल्या आठवड्यात मात्र भाजीवाल्या काकूंची नात आली. तेच कॉलेज, तसाच उशीर. मावशींची बोटं आता सावकाश चालतात, तरी आम्ही दोघांनी ईमेल लिहिला. थोड्या वेळाने उत्तर आलं. मावशी मोठ्याने वाचू लागल्या आणि मध्येच चष्मा काढून पुसू लागल्या. उरलेलं नातीने वाचलं.

"दाखला मिळाला नाही. मावशी, फायलीत बघा, टाचणीला असेल. सावकाश पाठवा, जागा मी राखून ठेवली आहे." खाली लिहिलं होतं, 'प्रवेश विभागप्रमुख, तुमची शिंपीकाकांची मुलगी'.

मित्रांनो, मला अडगळीत टाकायचं तेव्हा खुशाल टाका. पण तुमच्यासाठी कुणी चार ओळी नीट लिहून दिल्या असतील, तर त्या माणसाला विसरू नका. मावशींनी ते उत्तर छापून घेतलंय, आणि टाचणी लावून फायलीत ठेवलंय.