चोविसावा कान

मुलीने गल्लीत पाऊल ठेवलं की वडिलांचं छपाईचं यंत्र बंद व्हायचं आणि तोंड सुरू व्हायचं.

"हिला जमिनीच्या पोटातलं शिकवलं, ते माझंच दुकान बंद पाडायला," असं म्हणत ते यंत्राचा पट्टा उतरवायचे.

त्यांचंही खोटं नव्हतं. तिच्या मोजणीला शांतता लागायची, म्हणून ती यंत्र बंद ठेवायला लावायची. गल्लीखाली पाण्याचा एक जुना बोगदा होता. तो नेमका कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शुक्रवारपर्यंत सापडला नाही तर उगाच धोका नको म्हणून छापखान्यासकट गल्लीतली पाचही घरं पाडायची, असं नगरपालिकेने ठरवलं होतं. चाळीस वर्षांचा छापखाना. मुलगी तिथल्याच कागदांच्या गठ्ठ्यांवर झोपून लहानाची मोठी झाली होती, आणि आता तो वाचवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं.

काम तसं सरळ. रस्त्यावर ओळीने चोवीस जिओफोन मांडायचे. मुठीएवढे डबे, पण जमिनीची बारीकशी थरथरसुद्धा टिपणारे. तिच्या मोजणीच्या टोळीतले लोक त्यांना कानच म्हणत. मग टोळीतल्या पहिलवानाने लोखंडी पत्र्यावर घण घालायचा. लाटा खाली जाऊन, आपटून परत यायच्या, आणि त्यांना किती वेळ लागला यावरून खालचं चित्र काढायचं. पण तीस घाव घालून पहिलवानाच्या तोंडाला फेस आला तरी चित्र म्हणजे शाई सांडलेला कागद. रस्त्याच्या गलबल्यात घणाचा आवाज बुडून जात होता.

बुधवारी जेवायच्या सुट्टीत सगळे पांगले. रेकॉर्डर बंद करायचं मुलीच्या डोक्यातूनच गेलं. सकाळपासून खोळंबलेल्या वडिलांनी तेवढ्यात संधी साधली. शाळेची प्रगतिपुस्तकं छापायची होती. दीड तास यंत्र धडधडत राहिलं.

परत आल्यावर मुलीने पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तेवीस कानांत नुसता दणदणाट. सगळं पुसून टाकणार, एवढ्यात तिची नजर चोविसाव्यावर अडली. तिथे एकेक ठोका स्वच्छ, मोजून घ्यावा असा.

ती तडक छापखान्यात गेली. "बाबा, उंबऱ्याजवळचा कान कुठंय?"

"तो डबा होय?" वडिलांनी यंत्राच्या बैठकीकडे बोट दाखवलं. "कागद उडत होते, म्हणून वर ठेवला. वजनाला बरा आहे."

ती गठ्ठ्यावर बसून हिशेब मांडू लागली. घाव नेमका कधी पडला हे कळलं, तरच लाटेचा प्रवास मोजता येतो. इथे यंत्राच्या प्रत्येक ठोक्याची वेळ चोविसाव्या कानाने टिपून ठेवली होती. आणि ठोके तीस नव्हते, पंधराशे होते. ते एकावर एक रचले की रस्त्याचा गलबला आपोआप विरणार होता. तिला हसू आवरेना. जो आवाज ती रोज हात जोडून थांबवत होती, तोच तिला हवा होता.

"बाबा, उद्या दिवसभर यंत्र चालवा. अजिबात थांबायचं नाही."

वडिलांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

गुरुवारी यंत्र धडधडत राहिलं आणि टोळी बाकीचे कान गल्लीभर हलवत राहिली. संध्याकाळी पडद्यावर कमान उमटली. नऊ मीटर खोल, घरांपासून चांगली लांब, थेट चौकाखाली.

शुक्रवारी नगरपालिकेच्या अभियंत्याने तिथेच भोक पाडायला लावलं. आठ मीटरपर्यंत नुसती माती निघाली. नवव्या मीटरला गिरमिट एकदम सैल पडलं आणि खालून पाण्याचा आवाज आला. "घरं राहतील," अभियंता म्हणाला. पहिलवानाने वडिलांना उचलून खांद्यावर घेतलं, आणि ते वरून त्याला शिव्या देत हसत राहिले.

मोजणीचा अहवाल अर्थातच वडिलांनीच छापला. लाटा कशाने उठवल्या, या रकान्यात एरवी घणाचं वजन लिहितात. तिथे मुलीने लिहून दिलं होतं, 'वडिलांचं छपाईयंत्र'. अख्ख्या अहवालात तेवढीच ओळ जाड अक्षरांच्या खिळ्यांनी जुळवलेली होती.

"हे मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"बारीक खिळे संपले होते," वडील म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.