माझ्या भेगेत राहिलेलं पीठ

मित्रांनो, मी जुना आहे, लाकडाचा आहे आणि रस्सा ढवळण्यात माझी सगळी हयात गेली आहे. मला डाव म्हणतात. लांब दांडा, पुढे खोलगट तोंड आणि त्या तोंडात मधोमध एक बारीक भेग. ही भेग म्हणजे माझ्या कष्टांची निशाणी, अशा तोऱ्यात मी बरीच वर्षं काढली. शेजारच्या स्टीलच्या चमच्यांना मी मोजतच नव्हतो. आता मात्र त्या भेगेचं नाव काढलं तरी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते का, हेच सांगायला बसलो आहे.

मला एका सुताराने घडवलं. दाराच्या चौकटीतून एक तुकडा उरला होता. जेवणाच्या सुट्टीत तो रोज थोडा थोडा मला कोरायचा. शेवटी त्याने काचेच्या तुकड्याने घासून मला गुळगुळीत केलं आणि पोटभर तेल पाजलं. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि मोठं काही द्यायची ऐपत नव्हती. "भांडी काय, दुकानात मिळतात," तो लेकीला म्हणाला, "हा माझ्या हातचा आहे. जपून वापर." लेकीने मला पदराने पुसलं आणि आपल्या कपड्यांमध्ये गुंडाळून सासरी नेलं. पुढे वर्षभरातच सुतार वारला. त्यानंतर तिच्याकडे बापाची म्हणून एवढी एकच वस्तू उरली, ती म्हणजे मी.

या लेकीला आपण मामी म्हणू, कारण ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिची ती मामी. मामा बेकरीत भट्टीवर काम करायचे. भल्या पहाटे जायचे, दुपारी पांढऱ्या भुवया घेऊन परत यायचे आणि बरोबर पिशवीभर न खपलेला पाव आणायचे. तो फुकट मिळायचा म्हणून घर चालायचं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, दोन दांडगे मुलगे आणि मामांचा तुटपुंजा पगार. मामी शिळ्या पावाचा चुरा करायची आणि रश्शात टाकायची. तो चुरा भांड्याच्या बुडाशी दाबून, घोटून, रस्सा दाट करायचा ही माझी खास कामगिरी. जो जेवायला येई तो म्हणे, "रस्सा काय जमलाय हो!" मामी मला उंच धरून म्हणायची, "सगळी करामत याची." तेव्हा मी फुगायचो. लाकूड पाण्याने फुगतं तसं कौतुकानेही फुगतं.

मग एके दिवशी मामांची थोरली बहीण आपल्या मुलीला घेऊन राहायला आली. तिच्या नवऱ्याने दुसरं घर केलं होतं. सगळे तिला ताई म्हणत. कपडे धुण्याच्या कारखान्यात ती दिवसभर इस्त्री करायची. मुलगी आठ वर्षांची होती, पण दिसायची पाच वर्षांची. मामांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंगी ठेवलं. हात-पाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे आलेलं आणि तोंडात सदा फोड.

"पाप्याचं पितर झालंय नुसतं पोरीचं," मामा हळहळायचे. ते तिच्यासाठी वरचा, मऊ, सोनेरी पाव निवडून वेगळा ठेवायचे. "खा गं मुंगे, अजून एक खा. अंगाला लागेल."

मुंगी मामांचं मन राखायला खायची आणि मग पोट धरून कोपऱ्यात बसायची. औषधांची गोड बाटली झाली, जंतांच्या गोळ्या झाल्या, शेजारणीने सांगितलेले काढे झाले. शेवटी इस्पितळात रक्त तपासलं, नळी घालून आतडं तपासलं आणि डॉक्टरांनी एक अवघड नाव सांगितलं. सीलिअ‍ॅक. गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचं काहीतरी असतं, ते हिच्या आतड्याला चालत नाही. औषध नाही, पथ्य हेच औषध. आयुष्यभर पाव बंद, बिस्किट बंद, पिठाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. "म्हणजे इतके दिवस मीच भरवत होतो तिला," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते बाहेरच कपडे झटकून, हात-तोंड धुऊन, केस ओले करून आत यायला लागले. मित्रांनो, भट्टीवरून दमून आलेला माणूस दारात उभा राहून भुवया धुतो, हे बघवत नाही.

दुकानात ग्लूटेन नसलेला पाव मिळतो म्हणे. ताईने तो हातात घेऊन पाहिला, किंमत वाचली आणि परत जागेवर ठेवला. मग मुंगीसाठी भात, बटाटे, अंडी आणि मक्याचं पीठ असं ठरलं. मामीने तर कंबरच कसली. वरची फळी घासून मुंगीला दिली. तिची ताटली, वाटी, सुरी, लोण्याची डबी, सगळं वेगळं केलं आणि प्रत्येकाला लाल दोरा बांधला. "लाल दोऱ्याला कुणी हात लावला तर तंगडी मोडीन," असं तिने मुलांना बजावलं. ती डोळ्यांत तेल घालून जपत होती, हे मी शपथेवर सांगतो.

ताईने एका सुट्टीच्या दिवशी जादा काम केलं आणि मुंगीसाठी एक नॉनस्टिकचं पातेलं आणलं. झाकणाला पोचा आलेला होता म्हणून ते स्वस्तात मिळालं. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, "याला स्टीलचा चमचा लावू नका. वरचा थर निघाला की पातेलं गेलं. लाकडी डावच वापरा."

आणि घरात लाकडी डाव एकच होता.

"नवा घेऊ का, वहिनी?" ताईने विचारलं होतं.

"कशाला ताई, उगाच खर्च?" मामी म्हणाली. "हा आहे की. उकळत्या पाण्यात चांगला धुऊन घेते. माझ्या वडिलांच्या हातचा आहे, पोरीला लाभेल."

मित्रांनो, तिच्या मनात पाप नव्हतं. ती मला खरोखरच उकळत्या पाण्यात बुडवायची, राखेने घासायची, उन्हात ठेवायची. पण माझ्या भेगेत पंधरा वर्षांचा पावाचा चुरा बसला होता आणि रोज सकाळी त्यात ताजी भर पडत होती. आधी सगळ्यांचा रस्सा, मग अंघोळ, मग मुंगीचा भात. गरम भातात माझं लाकूड सैल व्हायचं, भेग उघडायची आणि आत साठलेलं हळूच बाहेर यायचं. मला ते कळत होतं. ओरडायला तोंड मात्र नव्हतं. माझं तोंड फक्त ढवळण्यापुरतं.

चार महिने गेले. मुंगीचं पोट उतरेना, वजन वाढेना. पुन्हा रक्त तपासलं. ताई तो कागद घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"डॉक्टर म्हणाले, पोरगी काहीतरी खातेय."

सगळ्यांची नजर पावाच्या पिशवीकडे गेली. पिशवी खुंटीला, हाताला येईल अशी, लटकलेली होती. थोरला मामेभाऊ म्हणाला, "काल एक पाव कमी होता." तो त्यानेच खाल्ला होता. मी समोरच होतो.

"मी नाही खाल्ला," मुंगी म्हणाली.

पहिल्या दिवशी कुणी रागावलं नाही. पिशवी वर टांगली गेली, एवढंच. मग ताई रोज तिचं दप्तर तपासू लागली. शाळेतून आली की "तोंड उघड" म्हणायची आणि दातांत बघायची. मामा समजावायचे, "एखादा तुकडा खाल्ला असशील तर सांग बाळा, कुणी मारणार नाही." मामी एवढी मायेची, पण तीही एकदा म्हणाली, "एवढं जिवाचं रान करतो आम्ही, आणि तू..." हातात मी होतो आणि ती मुंगीचाच भात ढवळत होती.

मुंगीचं उत्तर ठरलेलं असायचं. "नाही खाल्ला. खरंच नाही."

एका रविवारी दुपारी ताईचा बांध फुटला. तिने मुंगीला दंडाला धरून हलवलं. "हात भाजून घेते मी तुझ्यासाठी! अजून किती दिवस खोटं बोलणार आहेस?" एक चापट मारली आणि मग स्वतःच जमिनीवर बसून हुंदके द्यायला लागली. मामी धावली, मामा दारात थिजून उभे राहिले. मुंगी आईकडे बघत राहिली. तिच्या गालावर बोटं उमटली होती.

"हो, खाल्ला," ती म्हणाली. "रोज खाते. आता नाही खाणार."

ताईचं रडणं एकदम थांबलं. तिने डोळे पुसले, मुलीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आधीच सांगायचं ना गं, राणी." घरावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मामांनी खिडकी उघडली. कुणीतरी हसलंसुद्धा. आणि मामीने मुंगीची समजूत काढायला म्हणून मला खाली काढलं आणि तिच्यासाठी दूध घालून गोड भात केला. मुंगीने तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

पुढच्या खेपेआधी इस्पितळातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी निरोप दिला, मुलीच्या जेवणाला ज्या ज्या वस्तूचा हात लागतो ती प्रत्येक वस्तू घेऊन या. ताईला सुट्टी मिळेना, म्हणून मामी मुंगीला घेऊन गेली. कापडी पिशवीत लाल दोऱ्याचा सगळा संसार भरला आणि वर मला खोचलं. बाई प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघत होत्या. पातेलं चांगलं, सुरी चांगली, पिठाचा डबा चांगला. "किती व्यवस्थित ठेवलंय तुम्ही!" त्या म्हणाल्या आणि मामी लाजली.

मग त्यांनी मला उचललं.

"याला दोरा नाही?"

"तो सगळ्यांचाच आहे. पण उकळून घेते हो मी, रोज. पातेल्याला स्टील चालत नाही ना."

बाईंनी टाचणी घेतली आणि माझ्या भेगेतून हळूच फिरवली. कागदावर करडा-पांढरा लगदा पडला. त्यांनी तो मामीपुढे सरकवला. "लाकूड धुतलं जात नाही, मामी. आतलं आतच राहतं. बहुतेक हेच कारण असणार." मग त्या मुंगीकडे वळल्या. "हिने पाव खाल्ला असं लिहिलंय इथे. खाल्ला होतास का तू?"

मुंगीने मान हलवली. नाही.

मामी तिच्याकडे वळली. म्हणाली, "मग हो कशाला म्हणालीस गं?"

"आई रडायची थांबली ना."

मामी तिथेच, त्या लोखंडी खुर्चीवर, सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. मुंगीने एकेक वस्तू परत पिशवीत भरली. मला तिने सगळ्यात शेवटी ठेवलं, पातेल्याला लागणार नाही असं, बाजूला.

घरी आल्यावर ताईने लेकीचे पाय धरले. आईने आठ वर्षांच्या मुलीचे पाय धरणं ही काही बघण्यासारखी गोष्ट नाही. नवा लाकडी डाव आला, त्याला लाल दोरा बांधला गेला. मामीने मला चुलीत घालायला नेलं होतं, पण तिचा हात पुढे होईना. शेवटी तिने मला न्हाणीघरात नेऊन टाकलं. आता मी कपड्यांच्या बादलीत साबणाचं पाणी ढवळतो. माझी भेग पार रुंदावली आहे. एक दिवस दोन तुकडे होतील आणि ते बरंच होईल.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, मुलगी तर बरी झाली ना? थोडी झाली. फ्रॉक आखूड व्हायला लागले आहेत. पण अधूनमधून चूक होतेच. एवढ्या माणसांत होणारच. परवा धाकट्या मामेभावाने पावाची सुरी तिच्या लोण्याच्या डबीत घातली. तिने पाहिलं होतं. सांगितलं असतं तर त्याला मार बसला असता, डबी फेकून द्यावी लागली असती, आईला नवं लोणी आणायला लागलं असतं. तिने तेच लोणी भातावर घेतलं आणि खाल्लं. दुपारी न्हाणीघरात आली, कडी लावली आणि आधी नळ पूर्ण सोडला. मग ती ओकली.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला सांगतो की आम्हाला जपा. मी सांगणार नाही. माझ्यासारख्याला वेळीच फेकून द्या, मग तो कुणाच्याही हातचा असो. आणि घरात कुणी म्हणालं की मी खाल्लं नाही, तरी दुखतंय, तर आधी भांडी तपासा. माणसाला तपासायची घाई करू नका.

त्या दिवशी ताईने बाहेरून कडी वाजवली.

"मुंगे, दुखतंय का गं पोट? खरं सांग, मी विश्वास ठेवीन."

"नाही गं आई," मुंगी म्हणाली. "पाय धुतेय." तिने तोंड पुसलं आणि आवाज जाऊ नये म्हणून नळ आणखी थोडा वेळ तसाच वाहू दिला.