नळीला लागलेले ओठ

कारण : धग

असं फुंक्याला वाटायचं. काचेच्या कारखान्यात तोंडाने काच फुगवणारा माणूस, म्हणून सगळे त्याला फुंक्या म्हणत. वर्षातून चार-पाच वेळा त्याच्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात आधी मुंग्या यायच्या, मग टोचायचं, मग फोडांचा घोस उठायचा. दहा दिवसांत खपली पडून जायची. ते दहा दिवस नळी ओठाला लावली की डोळ्यांत पाणी. लहानपणापासूनचं दुखणं. आई म्हणायची, ताप बाहेर पडतोय, पडू दे.

उपाय : चुना. उपाय : टूथपेस्ट. उपाय : मेहुण्याने सांगितलेला तापवलेला चमचा.

चमच्याचा उपाय त्याने एकदाच केला. फोड राहिला, ओठाची साल गेली.

कारण, बायकोच्या मते

रविवारी वहिनी, म्हणजे मेहुण्याची बायको, घरी आली. फुंक्याचा फोड तेव्हा ओलाच होता. तिच्याही खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात तस्साच फोड. बायकोने एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. वहिनी गेल्यावर तिने दार लावलं.

मग म्हणाली, "हे कुठून आलं?"

"अगं, भट्टीच्या धगीने येतं."

"वहिनी कधीपासून जाते भट्टीवर?"

फुंक्याने ओठावर हात धरला. निरपराध माणसाकडे उत्तर तयार कुठलं असायला? पण ते ओठ झाकणं तिला कबुलीच वाटलं. तासाभरात ती मावशीकडे निघून गेली. रिक्षात बसता बसता तिने भावाला फोन लावला; तिचं "दादा, ऐक" फुंक्याला खिडकीतून ऐकू आलं.

रात्रभर त्याला एकच प्रश्न छळत होता : ती परत येईल का?

मधेच, कामाची पद्धत

मेहुणाही त्याच कारखान्यात. लोखंडी नळी भट्टीत बुडवून वितळलेल्या काचेचा गोळा उचलायचा, पहिली फुंक मारून त्यात बुडबुडा धरायचा आणि नळी फुंक्याच्या तोंडाशी द्यायची, हे त्याचं काम. गोळा आवळला, फुगेना झाला, तर फुंक्याने नळी परत मेहुण्याच्या तोंडाशी द्यायची. मधे नळी पुसायची नाही. पुसण्यात काच थंड होते. नऊ वर्षं एक नळी, दोन तोंडं.

उपाय : मार

सोमवारी सकाळी मेहुण्याने नळी दिली नाही. रिकामी हातात धरून उभा राहिला.

"काय जावईबापू, ओठ कुठे पोळला?"

"दादा, ऐकून तर घ्या."

"बहीण दिली तुला. आता बायकोही देऊ?"

नळी आडवी आली आणि फुंक्याच्या तोंडावर बसली. दात तुटल्याचा आवाज त्याला कानांनी नाही, कवटीच्या आतून ऐकू आला. दुसरा तडाखा खांद्यावर. तिसरा चुकवताना तो फरशीवर पडला. मेहुण्याने बरगडीत लाथ घातली आणि म्हणाला, "तिच्याही थोबाडीत दिल्यात काल. कबूल करत नाही रांड."

वहिनीला मारलं, हे ऐकून फुंक्याच्या डोक्यात काहीतरी सटकलं. शेजारच्या कारागिराची नळी स्टँडवर होती, टोकाला नारिंगी गोळा. त्याने ती उचलली आणि फिरवली.

गोळा मेहुण्याच्या नाकाखालून बोटभर अंतरावरून गेला. तेवढ्यानेही भागलं. झुबकेदार मिशी चरचरली, केस जळल्याचा वास सुटला, मेहुणा गुडघ्यावर बसून ओरडायला लागला. दोघा-तिघांनी त्याच्या तोंडावर बादली ओतली.

"मिशी गेली रे दादाची!" कुणीतरी म्हणालं. मग तोच माणूस वाकून बघायला लागला. "आणि हे काय?"

वरच्या ओठावर, लाल झालेल्या कातडीत, चार-पाच पिवळट खपल्या. आजच्या नव्हेत, चांगल्या आठवड्याच्या.

"वस्तऱ्याने झालंय," मेहुणा कण्हत म्हणाला.

"वर्षभर मिशी ठेवलीस, वस्तरा कुठे लावलास?"

फुंक्या फरशीवर पडलेल्या त्या दोघांच्या नळीकडे बघत होता. तिच्या तोंडाला त्याचं रक्त लागलं होतं.

कारण

डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकाच बाकावर बसवलं. फुंक्याच्या ओठाला पाच टाके, मेहुण्याला मलम. निरोप गेला होता, तो ऐकून बायको आणि वहिनी दोघी आल्या. वहिनीच्या गालावर पाच बोटं अजून दिसत होती.

"हा विषाणू आहे," बाई म्हणाल्या. "बहुतेकांना लहानपणीच होतो, घरातल्या कुणाच्या तरी पापीतून. एकदा शिरला की मज्जातंतूत झोपून राहतो. ताप, ऊन, जागरण, काळजी, ओठाला मार, काहीही झालं की उठतो. फोड ओला असताना नळी तोंडात धरून तीच दुसऱ्याला दिली, की त्यालाही लागू शकतो. आणि त्याच्याकडून त्याच्या बायकोला." त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. "तुम्ही हा मिशीखाली किती दिवस झाकलात?"

मेहुणा म्हणाला, "मला वाटलं, लोक काय म्हणतील."

वहिनीने त्याच्या मलम लावलेल्या ओठावर चपराक मारली. मग दुसरी. डॉक्टरीणबाईंनी लगेच हात धरला नाही.

उपाय

टोचायला लागल्या लागल्या गोळी, पहिल्या दिवशीच. फोडाला हात लागला तर धुवायचा, तो डोळ्याला लावायचा नाही. चुना नाही, चमचा नाही. ज्याची नळी त्याची.

"गोळीची आठवण करून द्यायला घरी कुणी आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे," बायको म्हणाली आणि तिने बाईंकडून औषधाची चिठ्ठी घेतली.

फुंक्याने तिच्या हातातून ती काढून घेतली, घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवली. "माझी मी घेईन," तो म्हणाला. एक टाका ताणला गेला आणि हनुवटीवरून रक्त ओघळलं. तो उठून बाहेर पडला.

कोपऱ्यावर तो गटारात थुंकत वाकला होता, तेव्हा बायको पळत आली. पाण्याची बाटली पुढे केली. त्याने घेतली, मान मागे टाकली आणि ओठापासून वीतभर वर धरून ओतली. अर्धं पाणी शर्टावर गेलं.

"लावा ना तोंड," ती म्हणाली. "मला चालेल."

"मला नाही चालणार," तो म्हणाला, आणि आणखी वर धरून ओतू लागला.