गोष्टीतलं नाव

“थांबली का? वाच ना पुढं,” आई म्हणाली.

सरिताने हातातले कथेचे कागद मांडीवर टेकवले. कळवणला आईच्या घरी ओट्यावर मायलेकी बसल्या होत्या, आणि आईसमोर वाचायला नको वाटणारं वाक्य पुढच्याच पानावर होतं.

सरिता नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स. पन्नाशीला टेकलेली ही बाई सर्जनशील लेखनात एम.ए. करते म्हटल्यावर वॉर्डातल्या सगळ्यांनी यथेच्छ हसून घेतलं. ती मात्र ड्यूट्या बदलून घेत दोन वर्षं वर्गात बसली, आणि शेवटच्या प्रकल्पाला तिने लिहिली ती धाकट्या बहिणीची गोष्ट. वर्गाचा नियम असा, की जिवंत माणसावर लिहिलं तर आधी त्याला वाचून दाखवायचं. त्याने नको म्हटलं तर कथा मागे घ्यायची. या कथेत आई होती, आणि सोमवारी कथा द्यायची होती.

“आई, पुढचं कडू आहे गं.”

“म्या लय कडू गिळलंय. वाच.”

सरिताने एका दमात वाचलं. चार वर्षांच्या प्राजक्ताला हगवण लागली. हगवणीत पाणी पाजू नये असं जाणती माणसं म्हणाली, म्हणून आईने पाजलं नाही. पोर पाणी पाणी करत गेली. पाण्यानेच ती वाचली असती, हे सरिताला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तीस वर्षं तिने ते आईला सांगितलं नाही आणि आज सांगितलं ते असं, कागदात तोंड खुपसून.

कशाला ही एम.ए.ची हौस केली, असं सरिताला झालं.

“ते ठावं हाय मला,” आई म्हणाली. “सरकारी दवाखान्याची आशाताई मीठ-साखरेचं पानी सांगत दारोदार फिरती. मला काय कान नाय? पन ही प्राजक्ता कोन?”

“नाव बदललं. खरी नावं बदलायला सांगतात. वर्गात सगळ्यांना आवडलं ते.”

“माझं बदल, गावाचं बदल. तिचं कशाला? विठा व्हती ती. तिचा फोटू नाय, कागूद नाय. तिचं नाव घेनारी मी एकटीच ऱ्हायले.”

“मग देऊ ना गोष्ट?”

“तिच्या नावानं दे.”

सरिताने पेन काढलं. अकरा ठिकाणी प्राजक्ता खोडून तिने विठा लिहिलं. डोळे भरून येत होते, तरी एकही जागा तिने सुटू दिली नाही. मग आईने पहिल्यापासून वाचायला लावलं. नाव आलं की ती हळूच हुंकार द्यायची.

“विठा पाणी मागत होती,” सरिताने वाचलं.

“हां,” आई म्हणाली.