ओरिजिनल पेट्रोल कॉक

मी पेट्रोल कॉक बोलतोय. मोटारसायकलच्या टाकीखाली डाव्या बाजूला जी छोटी तोटी असते, ती मी. माझी दांडी फिरवली की पेट्रोल चालू, बंद, नाहीतर रिझर्व्ह, म्हणजे टाकीच्या तळाचं राखीव पेट्रोल चालू. एवढंच माझं काम. पण एवढ्याशा कामातही माणसं किती गोंधळ घालतात, ते ऐका.

माझी गाडी शिरूर तालुक्यातल्या हौसरावांना लग्नात सासऱ्यांनी दिली. हौसराव गावच्या सोसायटीच्या खुर्चीवरून उतरून किती वर्षं झाली, पण गावात कुणी ‘चेअरमन’ म्हटलं की अजून तेच ओ देतात.

त्यांनी मला कधी बंद केलं नाही. “उतरताना कॉक बंद करायला मी काय शिकाऊ हाय?” म्हणायचे. टाकीही कधी भरली नाही, त्यामुळे मी कायम रिझर्व्हवर. दांडी जागची हलली नाही, आतलं रबर कडक झालं आणि एक दिवस मी गळू लागलो.

अख्खी आळी वाकून मला पाहून गेली. शेजारचा ट्रॅक्टरवाला पोपट म्हणाला, “चेअरमन, साबण लावा. माझ्या ट्रॅक्टरला तेच केलंय.” लगेच धुण्याची वडी माझ्या अंगावर घासली गेली. ऊन लागलं की साबण सुकून पडायचा आणि मी पुन्हा टपटप.

हौसरावांच्या पत्नी विठाबाई वैतागल्या. “धुण्याला साबण न्हाई, आन् गाडीला रोज आंघोळ! नवा कॉक बसवा की.”

“ओरिजिनल हाय त्यो! तुझ्या बापानं दिलेल्या गाडीला डुप्लिकेट लावू व्हय?”

“माझ्या बापानं गाडी दिली, गळती न्हाई दिली.”

एवढ्यात त्यांच्या लेकीला, तेजश्रीला कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात लॅबमध्ये काम मिळालं. अजून ती कायम व्हायची होती. एसटीची वेळ शिफ्टशी जुळेना, म्हणून तिनं हीच गाडी घेतली. तिच्या डाव्या बुटाला रोज पेट्रोलचा वास. गेटवरच्या वॉचमननं एकदा अडवलंच. “मॅडम, टपक रहा है. अंदर केमिकल है. साहब को बोलना पड़ेगा.”

तिनं घरी सांगितलं, “आप्पा, परत असं झालं तर घरी बसवतील मला.”

“मी करतो बंदोबस्त,” हौसराव म्हणाले.

बंदोबस्त म्हणजे काय, तर पहाटे त्यांनी माझ्याखाली सुतळीनं प्लॅस्टिकची बाटली बांधली. थेंब जमिनीवर पडत नाही म्हणजे गाडी गळत नाही, हे त्यांचं शास्त्र. अंधारात घाईनं निघालेल्या पोरीला ते दिसलंच नाही.

वॉचमनला मात्र दिसलं. केमिकल कारखान्याच्या गेटवर पेट्रोलची बाटली! शिट्ट्या वाजल्या, माणसं केबिनमागं पळाली. तेजश्री मान खाली घालून उभी. सुपरवायझर म्हणाले, “दुपारच्या शिफ्टला या. गाडी नीट असेल तर आत घेऊ. नाहीतर पुन्हा येऊच नका.”

तिनं बाटली सोडवून कचऱ्यात फेकली, वडिलांना फोन केला आणि तडक दौंडला अलीम मिस्त्रींचं गॅरेज गाठलं. त्यांनी टाकी रिकामी करून मला सोडवलं. तोवर हौसरावही पोपटच्या गाडीतून धावत आले.

“नुसतं रबर बदल. कॉक ठिव.”

“आप्पा, दांडी बी हातात आली बघा,” अलीम म्हणाले. “कवा बंद केलावता ह्यो?”

हौसरावांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

तेजश्री मध्ये आली. “आप्पा, कॉक ठेवायचा का माझी नोकरी?”

हौसराव विचारात पडले. खरंच पडले! बऱ्याच वेळानं म्हणाले, “घाल बाबा नवा. पर जुना मला दे.”

दुपारी तेजश्री कारखान्यात गेली. वॉचमननं वाकून पाहिलं आणि गेट उघडलं.

मी आता हौसरावांच्या शोकेसमध्ये असतो, सत्काराच्या ट्रॉफ्यांशेजारी. आलेल्या प्रत्येकाला ते मला दाखवतात, “ह्यो ओरिजिनल.” आयुष्यभर जेवढं दुर्लक्ष झालं, तेवढा मान आता मिळतोय. रोज फडकं फिरतं अंगावरून.

आज रविवार. हौसराव गाडी घेऊन पारावर जाऊन आले. इथून मला दारातली गाडी दिसते, आणि नव्या कॉकची दांडीही. रिझर्व्हवर आहे.

तेजश्री, बाळा, उद्या तुझी फर्स्ट शिफ्ट आहे. जरा बाहेर ये आणि त्याला बंद कर.