घंटाघराचं कोरं कार्ड

श्याम पाटणकर दिल्लीतल्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आले, आणि वर्षभरात त्यांना जुन्या पिक्चर पोस्टकार्डांचा नाद लागला.

कारण झालं एक कार्ड. रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात एका गठ्ठ्यात त्यांना कुतुबमिनारचं चित्र मिळालं. मागे शाईनं, इंग्रजीत, एवढंच लिहिलेलं: ‘वर चढून आलो. पाय कामातून गेले. माझे तपकिरी बूट पाठव.’ तारीख १९२९ ची. कुतुबमिनार श्यामरावांनी पन्नास वेळा पाहिला होता, पण हा बूट मागणारा माणूस त्यांना फार आवडला.

नऊ वर्षांत चारशे बारा कार्डं झाली. सगळी दिल्लीची, आणि एक सोडून सगळी लिहिलेली. उर्दू मजकूर ते खालच्या मजल्यावरच्या हरिदासजींकडून वाचून घेत. एक मराठीही होतं, १९३८ साली नवी दिल्लीहून कुणीतरी अमरावतीला बायकोला धाडलेलं: ‘इथे थंडी फार. लोकर मिळाल्यास घेऊन ठेव. मी येईपर्यंत बाळाचे जावळ काढू नये.’ सकाळी त्यांच्या पत्नी अरुणाताई मटार सोलत बसल्या की श्यामराव त्यांना अशी कार्डं वाचून दाखवत.

“काढलं असेल का हो त्यांनी जावळ?” अरुणाताईंनी विचारलं होतं, आणि त्यावर दोघांचा अर्धा तास गेला होता.

आल्बममध्ये कोरं कार्ड एकच. चांदणी चौकातलं घंटाघर, हातानं रंगवलेलं, आणि खालून चाललेली ट्राम. घंटाघर पडून सत्तर वर्षं झाली, ट्रामही गेली. ते कार्ड श्यामरावांनी चित्रासाठी घेतलं खरं, पण कुणाला दाखवताना म्हणायचे, “बिल्कुल मुकं आहे बिचारं.” गाझियाबादचे हेरंब साठे, तेही असेच नादी, दोन वर्षं त्याच्या मागे होते. येत्या रविवारी ते खास तेवढ्यासाठी येणार होते.

बुधवारी सकाळी श्यामरावांनी आल्बम पुसायला काढला, तर घंटाघराची जागा रिकामी.

“अरुणा! ते ट्रामवालं कुठंय?”

“ते होय? मी पाठवलं,” अरुणाताई आतून म्हणाल्या. “भानूला. शनिवारी पोस्टाच्या डब्यात टाकलं.”

“म्हणजे? त्यावर लिहिलंस?”

“मग काय कोरं पाठवू?”

श्यामराव खुर्चीत बसले. आधी ते मोठ्यानं बोलले, मग हळू बोलले. पोस्टाची कार्डं मिळत नाहीत का, निदान विचारायचं तरी, हेरंबला आता काय सांगू. अरुणाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्याकडे चारशे कार्डं आहेत,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे मैत्रीण एकच आहे.”

भानुमती देवधर म्हणजे आर. के. पुरमची शेजारीण. एकोणीस वर्षं दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत होती. भिंतीवर उलथन्यानं दोनदा ठोकलं की ‘बाहेर ये’. आता त्या गुडगावला, मुलगा निखिल आणि सून क्षिप्रा यांच्याकडे. दीड वर्षापूर्वीच्या आजारपणात त्यांचे कान गेले. यंत्र लावलं की नुसता गोंगाट होतो म्हणून लावत नाहीत. फोनवर काही पोचत नाही, मोबाइलवर बोटं चालत नाहीत. मागच्या खेपेला अरुणाताई मुद्दाम भेटायला गेल्या. “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतायत,” असं म्हणाल्या, तर भानुमती हसून म्हणाली, “हो का? छान.” त्यानंतर अरुणाताई पुन्हा गेल्या नव्हत्या.

हे सगळं श्यामरावांना माहीत होतं. तरी त्यांचं मन कार्डातच अडकलं होतं. ते पोस्टात गेले. खिडकीवरची मुलगी म्हणाली, “अंकल, शनिवार का तो कब का निकल गया. अब गुड़गाँव में ही मिलेगा.”

मग गुडगावलाच जाऊ या, असं त्यांनी ठरवलं. कार्ड कदाचित पोचलं नसेल. पोचलं असलं तर भानुमतीवहिनींना समजावून सांगू, बदल्यात दुसरं देऊ. अशी तीन बऱ्यापैकी कार्डं त्यांनी पाकिटात घातली, अरुणाताईंना “येतो जरा” एवढंच सांगितलं आणि मेट्रोच्या पिंक लाइननं आयएनएपर्यंत, तिथून यलो लाइननं थेट शेवटपर्यंत गेले.

दार क्षिप्रानं उघडलं. “आई आत आहेत. काल कार्ड आल्यापासून कुणाशी बोलत नाहीयेत, नुसत्या वाचतायत. या ना, काका.”

भानुमतीवहिनी खिडकीशी बसल्या होत्या. श्यामरावांना बघून त्या एकदम मोठ्या आवाजात म्हणाल्या, “अहो श्यामभाऊ! तुम्ही?” आणि ते काही बोलायच्या आत कार्ड त्यांच्या हातात दिलं. “वाचा. तुमच्याबद्दलही आहे.”

अरुणाताईंनी इंचभर जागा सोडली नव्हती. पत्त्याच्या चारी बाजूंनी अक्षरं फिरली होती. श्यामरावांनी चष्मा पुसून कार्ड फिरवत फिरवत वाचलं.

‘प्रिय भानू, मागच्या वेळी तुझ्याकडून निघाले आणि मेट्रोत रडले. तुला ऐकू येत नाही म्हणून नाही, तू माझ्याशी खोटं हसलीस म्हणून. माझ्याशी कशाला गं? आता मी लिहीत जाईन. चित्र बघ. ह्याच रस्त्यावर तू साडीच्या किनारीसाठी तासभर भांडलीस आणि जिंकल्यावर पर्स दुकानातच विसरलीस. माझा गुडघा खरंच कापणार आहेत. भीती वाटते. इथे कुणाला सांगितलेलं नाही. कार्ड ह्यांच्या संग्रहातलं आहे, विचारलेलं नाही. चिडतील. माणूस चांगला आहे, फक्त मेलेल्या लोकांची पत्रं वाचत बसतो. तुझी अरुणा.’

श्यामरावांनी ते दोनदा वाचलं. ऑपरेशनची तारीख त्यांनीच घेतली होती, डॉक्टरांशीही तेच बोलले होते. भीती वाटते का, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

“न्यायला आलात ना?” भानुमतीवहिनींनी विचारलं. “न्या. मी वहीत उतरवून घेतलंय. तुमची वस्तू आहे, मला कळतं.”

टीपॉयवर क्षिप्राच्या ऑफिसचं पॅड पडलं होतं. श्यामरावांनी पेन काढलं. पॅड गुडघ्यावर घेतलं. मग लिहिलं: ‘कार्ड तुमचं. मी उत्तर न्यायला आलोय.’

वहिनींनी ते वाचलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. विश्वास बसलेला दिसला नाही, पण हसल्या. हे हसणं खोटं नव्हतं. श्यामरावांनी पाकिटातली तीन कार्डं त्यांच्यासमोर ठेवली, पण ती आधीच लिहिलेली होती, त्यावर जागा कुठली! शेवटी साडीच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा कापून घेतला. वहिनी दीड तास लिहीत होत्या. मधूनच मान वर करून विचारत, “तिचा गुडघा डावा की उजवा?” श्यामराव डाव्या गुडघ्यावर थाप मारून दाखवत.

संध्याकाळी अरुणाताईंनी दारातच पुठ्ठा घेतला. दिवाणखान्यातल्या दिव्याखाली उभ्या उभ्या वाचला, एकदा मोठ्यानं हसल्या, एकदा नाक ओढलं.

“काय लिहिलंय?” श्यामरावांनी विचारलं.

“तुम्हाला कशाला?”

“अगं, मीच आणलं ना ते!”

“पोस्टमन वाचतो का?” त्या म्हणाल्या आणि पुठ्ठा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

श्यामराव त्यांच्याजवळ जाऊन बसले. “ऑपरेशनला मी आत थांबतो. डॉक्टर सोडतील तिथपर्यंत. हवं तर तारीख पुढे नेऊ.”

“तुम्हाला कार्ड दाखवलं तिनं,” अरुणाताई म्हणाल्या. मग जरा वेळानं, “तारीख राहू दे. थांबा तुम्ही.”

रविवारी हेरंब साठे आले. घंटाघराचं कार्ड गुडगावला कुणाला तरी पाठवलंय म्हटल्यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना.

“यार श्याम, आजकाल कुणी खरं कार्ड पोस्टात टाकतं का?”

“आमच्याकडे टाकतात,” श्यामराव म्हणाले, आणि त्यांना त्याचा अभिमान वाटला. हेरंब जेवून गेले, जाताना स्वतःकडची चार कोरी कार्डं पाठवून द्यायचं कबूल करून गेले.

गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत पार पडलं. फेब्रुवारीत निखिलनं आईला गाडीतून मयूर विहारला आणून सोडलं. भानुमतीवहिनी चार दिवस राहिल्या. दोघी बाल्कनीतल्या उन्हात बसत, मध्ये एक जाडं पॅड. एक लिहायची, दुसरी वाचून बोलायची, मग दोघी हसायच्या. आत बसलेल्या श्यामरावांना निम्मंच संभाषण ऐकू येई. ‘तेव्हा तू काय म्हणालीस त्याला?’ एवढं कळायचं, आणि पुढचं सगळं कागदावर. त्यांनी एकदाही बाल्कनीत डोकावून पॅड पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी गाडी आली. पॅड तोवर संपलं होतं. अरुणाताईंनी पानं सोडवली, जमिनीवर दोन ढीग केले, आणि कुठलं पान कुणी न्यायचं यावरून दोघींचं चांगलं वीस मिनिटं भांडण झालं. निखिल खाली हॉर्न वाजवत होता. श्यामरावांनी बॅग उचलली आणि “दोन मिनिटं थांब रे” असं सांगायला खाली गेले.